दिल्लीची दोन सभागृहं, चांद्याचं जंगल

नागपूरहून निघून वरोरा मागे पडलं की कापूस-सोयाबीनच्या शेतांमध्ये अधूनमधून करड्या टेकड्या दिसायला लागतात. भद्रावतीच्या आसपास त्या दाट होतात. नीट पाहिलं की कळतं, या टेकड्या निसर्गाच्या नाहीत. कोळशापर्यंत पोचण्यासाठी वरची माती उपसून रचलेले हे ढिगारे आहेत. काहींवर बाभळी आणि सुबाभूळ रुजले आहेत, तर काही अजून उघडेबोडके आहेत. त्यांच्या पलीकडे चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राच्या चिमण्या आणि त्यांच्या पायथ्याशी ऊर्जानगरची वसाहत.

या भागात जायचं माझं कारण जरा वेगळं होतं. लोकसभा, राज्यसभा, विधेयकाची तीन वाचनं हे सगळं आपण शाळेत नागरिकशास्त्रात पाठ करतो आणि विसरतो. संसदेविषयी पुढे जे वाचतो तेही दिल्लीत बसून लिहिलेलं असतं. मला ती दुसऱ्या टोकाकडून पाहायची होती, म्हणजे जिथे तिचे कायदे जमिनीवर उतरतात तिथून. त्यासाठी चंद्रपूर आणि गडचिरोलीपेक्षा योग्य जागा महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. कोळसा, वीज, वाघ, साग, बांबू, आदिवासींची जमीन, यांतल्या प्रत्येक गोष्टीवर संसदेत कायदा झालेला आहे.

ऊर्जानगर म्हणजे झाडांनी भरलेली आखीव वसाहत. रुंद रस्ते, शाळा, क्वार्टर्सच्या रांगा, आणि हवेत कायम राहणारा एक मंद घरघराट. केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे. पाणी जवळच्या इरई धरणातून येतं आणि कोळशाच्या खाणी तर अगदी दाराशी आहेत. दुर्गापूर आणि पद्मापूर ही नावं इथल्या प्रत्येकाच्या बोलण्यात येतात. वीज मात्र इथे थांबत नाही. 1500 मेगावॅट वाहून नेणारी उच्चदाब एकदिश वाहिनी इथून निघते आणि सुमारे साडेसातशे किलोमीटर पलीकडे, कल्याणजवळच्या पडघ्याला पोचते. मुंबईच्या दिव्यांमागचा धूर चांद्यात, म्हणजे चंद्रपुरात, राहतो. राज्यं, प्रदेश, माणसं यांचं हित नेहमी एकच नसतं, आणि ते एका पंगतीत बसवून बोलायला लावणं हे संसदेचं काम आहे, हे मला पुस्तकापेक्षा त्या तारांखाली उभं राहून अधिक कळलं.

कोळशाचीच गोष्ट घ्या. 1973 साली संसदेने कायदा करून कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण केलं. त्यानंतर दोन वर्षांनी, 1975 मध्ये, वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी स्थापन झाली. तिच्या खाणींवर इथली निम्मी घरं चालतात. पुढे खासगी आणि सरकारी कंपन्यांना स्वतःच्या वापरासाठी खाणपट्टे वाटले गेले, त्या वाटपावर महालेखापरीक्षकांनी ठपका ठेवला आणि तो अहवाल 2012 मध्ये संसदेपुढे आला. चंद्रपूरचे तेव्हाचे खासदार हंसराज अहीर यांनी हा विषय लावून धरला होता. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 204 खाणपट्टे रद्द केले. भद्रावतीजवळची बरांजची खाणही त्यांत होती.

यानंतर जे झालं त्यात दोन सभागृहांचं नातं स्वच्छ दिसतं. रद्द झालेल्या खाणपट्ट्यांच्या नव्या वाटपासाठी सरकारने आधी अध्यादेश काढला आणि मग विधेयक आणलं. 4 मार्च 2015 रोजी ते लोकसभेत मंजूर झालं. राज्यसभेत सत्ताधारी आघाडीकडे बहुमत नव्हतं. तिथे सदस्यांनी विधेयक प्रवर समितीकडे पाठवायला लावलं. समितीने ते तपासलं आणि 20 मार्चला राज्यसभेनेही मंजुरी दिली. थांबवलं ते दोन-अडीच आठवडेच. पण घाईत असलेल्या सरकारला आपलं म्हणणं दुसऱ्यांदा, वेगळ्या माणसांपुढे, मांडावं लागलं. सामान्य विधेयकाला दोन्ही सभागृहांची संमती आणि त्यानंतर राष्ट्रपतींची सही लागते, याचा अर्थ हाच.

हे समितीचं काम फारसं कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. सभागृहातला गोंधळ दूरदर्शनवर दिसतो. समित्यांच्या बैठका मात्र बंद दारामागे होतात. मंत्रालयांवर लक्ष ठेवणाऱ्या 24 स्थायी समित्या आहेत आणि प्रत्येकीत 21 सदस्य लोकसभेचे, 10 राज्यसभेचे असतात. कोळसा, खाण आणि पोलाद यांची एक समिती आहे. ऊर्जेची वेगळी आहे. ऊर्जानगरच्या माणसाच्या पोटापाण्याचे निर्णय सभागृहापेक्षा या खोल्यांमध्ये जास्त बारकाईने चर्चिले जातात.

ऊर्जानगरहून मोहर्लीच्या दिशेने निघालं की काही मिनिटांत जंगल सुरू होतं. वीज केंद्राच्या आवारातच वाघ-बिबट्यांचा वावर आहे, आणि तो इथल्या लोकांनी जीव गमावून अनुभवलेला आहे. ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि 1995 मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प. मोहर्लीच्या नाक्यावर खाकी कपड्यातल्या वनरक्षकांशी बोलत बसलो होतो, तेव्हा त्यांच्या वरिष्ठांचा, भारतीय वनसेवेतल्या अधिकाऱ्यांचा विषय निघाला. ही सेवा मुळात राज्यसभेमुळे शक्य झाली, हे किती जणांना माहीत असेल? नवी अखिल भारतीय सेवा निर्माण करायची तर संविधानाच्या 312 व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्यसभेने उपस्थित आणि मतदान करणाऱ्यांच्या दोन तृतीयांश बहुमताने आधी ठराव करावा लागतो. राज्यांच्या प्रशासनात केंद्राने घडवलेला अधिकारी येणार, तेव्हा राज्यांच्या सभेची परवानगी हवी, असा त्यामागचा विचार आहे. 6 डिसेंबर 1961 रोजी राज्यसभेने अभियांत्रिकी, वन आणि वैद्यकीय अशा तीन सेवांसाठी ठराव केला. तिन्हींपैकी प्रत्यक्षात आली ती एकटी वनसेवा, 1966 मध्ये. लोकसभेला हा अधिकार नाही. राज्यसूचीतल्या विषयावर राष्ट्रहितासाठी संसदेला कायदा करू द्यायचा, तर तो ठरावही राज्यसभेनेच करायचा असतो.

पैशाच्या बाबतीत उलट आहे. धन विधेयक फक्त लोकसभेत मांडता येतं. राज्यसभा चौदा दिवसांत शिफारशी करू शकते, पण लोकसभेने त्या नाकारल्या तर विषय संपतो. अनुदानाच्या मागण्यांवर मतदानही लोकसभेतच होतं. चंद्रपूर शहरात शांताराम पोटदुखे यांचं नाव अजून आदराने घेतात. 1980 पासून 1996 पर्यंत ते इथले खासदार होते आणि 1991 मध्ये आर्थिक सुधारणांना सुरुवात झाली तेव्हा अर्थ खात्याचे राज्यमंत्री होते. त्या वेळचे अर्थमंत्री मनमोहन सिंग त्याच वर्षी राज्यसभेचे सदस्य झाले. थेट मतं मिळवून आलेला चांद्याचा राज्यमंत्री आणि राज्यसभेतून आलेला अर्थमंत्री, एकाच खात्यात दोन वाटांनी पोचलेली ही जोडी. मंत्री कुठल्याही सभागृहाचा असो, तो दोन्हीकडे बोलू शकतो. मत मात्र स्वतःच्याच सभागृहात देतो. आणि सगळं मंत्रिमंडळ मिळून उत्तरदायी असतं ते लोकसभेला. अविश्वासाचा ठराव तिथेच येतो.

चंद्रपुरात गोंड राजांचा परकोट आणि त्याची दणकट दारं पाहून मी डॉ. आंबेडकर महाविद्यालयाच्या आवारातल्या दीक्षाभूमीवर गेलो. नागपूरच्या सोहळ्यानंतर दोन दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 रोजी, बाबासाहेबांनी इथे येऊन धम्मदीक्षा दिली. त्या दिवशी ते राज्यसभेचे सदस्य होते. 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ते मुंबईत हरले, 1954 मध्ये शेजारच्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत हरले. संविधानाच्या मसुदा समितीचा अध्यक्ष संसदेत बसू शकला तो मुंबई राज्याच्या विधानसभेने त्यांना राज्यसभेवर पाठवलं म्हणून. शेवटच्या श्वासापर्यंत ते त्या सभागृहात होते. राज्यसभा म्हणजे पडलेल्यांची सोय, असं म्हणणाऱ्यांना मी हे एकच उदाहरण देईन.

आणखी एक गोष्ट त्या आवारात उभं असताना लक्षात आली. त्या दिवशी चांदा मध्य प्रदेशात होतं. संसदेने संमत केलेला राज्य पुनर्रचना कायदा 1 नोव्हेंबर 1956 ला लागू झाला आणि पंधरवड्यात चांदा द्विभाषिक मुंबई राज्यात आलं. नदीपलीकडचं राजुरा तोवर हैदराबाद राज्यात होतं. राज्यांच्या सीमा बदलणं, नवं राज्य करणं हे साध्या बहुमताच्या कायद्याने संसद करू शकते. संबंधित विधिमंडळाचं मत विचारावं लागतं, पण ते बंधनकारक नसतं. वेगळ्या विदर्भाची मागणी घेऊन अहेरीचे राजे विश्वेश्वरराव 1977 मध्ये इथूनच लोकसभेत गेले, त्यांना हे गणित पक्कं ठाऊक असणार.

बल्लारपूरला पोचायला वेळ लागत नाही. गाव कागद गिरणीचं आणि सागवानाचं. वन विभागाच्या डेपोत शिरलं की लाकडाचा गोडसर, किंचित तेलकट वास नाकात भरतो. ओंडक्यांच्या थप्प्या लांबवर लावलेल्या. प्रत्येक ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर क्रमांक, लांबी, गोलाई रंगवलेली आणि वन खात्याच्या हातोड्याचा ठसा. मी एका ओंडक्याच्या वर्तुळांवरून बोट फिरवत होतो. मध्यभागी गर्द सोनेरी-तपकिरी, कडेला फिक्या रंगाची पट्टी. तिथल्या एका जुन्या कामगाराने सांगितलं, “हा अल्लापल्लीकडचा आहे जी. याला वाळवी लागत नाही.”

28 मे 2023 रोजी उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेलं, अशी अधिकृत नोंद आहे. नागपूर ही बाजारपेठ. साग वाढतो तो या जंगलांत, आणि दिल्लीच्या दारांना आपलं लाकूड आहे, हे बल्लारपुरात अभिमानाने सांगतात. त्या इमारतीतलं लोकसभेचं दालन मोराच्या, राज्यसभेचं कमळाच्या कल्पनेवर सजवलेलं आहे. लोकसभेत 888 आसनं, राज्यसभेत 384. आज सदस्य आहेत अनुक्रमे 543 आणि 245. एवढी रिकामी जागा का ठेवली, तर पुढे लोकसंख्येप्रमाणे मतदारसंघ वाढतील म्हणून. लोकसभेच्या जागांची राज्यवार वाटणी अजून 1971 च्या जनगणनेवर थांबलेली आहे. महाराष्ट्राला लोकसभेत 48 आणि राज्यसभेत 19 जागा आहेत.

राज्यसभेचे ते 19 निवडतात विधानसभेचे 288 आमदार, पसंतीक्रमाने मत देऊन. म्हणजे चंद्रपूरचे सहा आणि गडचिरोलीचे तीन, असे नऊ आमदार या दोन जिल्ह्यांच्या वतीने वरिष्ठ सभागृह घडवतात. सदस्याची मुदत सहा वर्षांची, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त. लोकसभा विसर्जित होते, राज्यसभा कधीच नाही. तिच्यात बारा जण राष्ट्रपतींनी नेमलेले असतात आणि उपराष्ट्रपती तिचे सभापती असतात. इथे मला एक खटकतं आणि ते बोलून दाखवलंच पाहिजे. लोकसभेत अनुसूचित जमातींसाठी 47 जागा राखीव आहेत, त्यांतली एक गडचिरोली-चिमूर. राज्यसभेत मात्र अनुसूचित जाती-जमातींसाठी एकही जागा राखीव नाही. ज्या सभागृहाने वनसेवेला जन्म दिला, तिथे जंगलात राहणाऱ्यांची खुर्ची पक्की नाही.

बल्लारपूरहून गोंडपिपरी, आष्टीवरून अल्लापल्लीकडे जाताना वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. 26 ऑगस्ट 1982 ला चांद्यातून वेगळा झालेला. जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भूभाग वन म्हणून नोंदलेला आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साग, ऐन, बीजा, मोह. खासदार इथे कसा प्रचार करत असेल याचा विचार करत होतो. गडचिरोली-चिमूर मतदारसंघ 2008 च्या पुनर्रचनेत झाला. गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावपासून तो थेट प्राणहिता-गोदावरीच्या संगमावरच्या सिरोंच्यापर्यंत पसरतो. एका टोकाला भातशेती आणि हिंदी-पोवारी, दुसऱ्या टोकाला तेलुगू, मधल्या डोंगरांत गोंडी आणि माडिया. एकच माणूस त्या सगळ्यांच्या वतीने “हो” किंवा “नाही” म्हणणार.

अल्लापल्लीहून भामरागडच्या वाटेवर एक सहा हेक्टरांचा तुकडा आहे. ‘वनवैभव’ म्हणतात त्याला. 1953 पासून तिथे कुऱ्हाड चाललेली नाही. आत शिरल्यावर मान मागे टाकून वर पाहावं लागतं, तरी शेंडे दिसत नाहीत. जैवविविधता कायद्याखाली 2014 मध्ये हे महाराष्ट्रातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ ठरलं. तो कायदा 2002 च्या डिसेंबरात दोन्ही सभागृहांत संमत झाला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक झाली होती, दहशतवादविरोधी ‘पोटा’ कायद्यासाठी. राज्यसभेने विधेयक फेटाळलं तेव्हा हा मार्ग वापरला गेला. प्रजासत्ताकाच्या इतिहासात अशा बैठका तीनच: 1961, 1978 आणि 2002. संयुक्त बैठकीत लोकसभेचे अध्यक्ष अध्यक्षस्थानी असतात आणि संख्येच्या बळावर सहसा लोकसभेचंच म्हणणं टिकतं. इतक्या वर्षांत तीनदाच, म्हणजे एरवी दोन सभागृहांनी एकमेकांशी जमवून घेतलं.

आष्टी, चामोर्शीवरून गडचिरोलीला आलो. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्यावर मेंढा हे शंभरेक घरांचं गोंड गाव आहे. लेखाजवळचं म्हणून मेंढा-लेखा. इथल्या ग्रामसभेचे नेते देवाजी तोफा यांचं गाव म्हणून सगळ्यांना माहीत. “मावा नाटे मावा राज”, म्हणजे आमच्या गावात आमचं राज्य, ही इथली घोषणा.

या गावाच्या गोष्टीत संसद फार आधीपासून आहे. 1962 साली चांद्यातून लाल श्याम शाह अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले. पानाबारसचे हे गोंड जमीनदार. दोन वर्षांत त्यांनी राजीनामा दिला, कारण आदिवासींच्या प्रश्नाला तिथे कुणी दाद देत नव्हतं. वीस वर्षांनी इंचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध बाबा आमट्यांबरोबर ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलनात ते पुढे होते. मेंढ्यातल्या माणसांची जडणघडण त्या आंदोलनात झाली.

आणि मग वनहक्क कायदा आला. 13 डिसेंबर 2005 ला लोकसभेत मांडलेलं मूळ विधेयक तोकडं होतं. हक्क फक्त अनुसूचित जमातींना, तेही 25 ऑक्टोबर 1980 पूर्वीपासून कसणाऱ्यांना. ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. किशोर चंद्र देव अध्यक्ष होते. समितीने लोकांचं म्हणणं ऐकलं आणि विधेयकाचा चेहराच बदलला. ‘इतर पारंपरिक वननिवासी’ आत आले. मुदतीची तारीख विधेयक मांडल्याच्या दिवसापर्यंत पुढे आली. 15 डिसेंबर 2006 ला लोकसभेने, 18 डिसेंबरला राज्यसभेने ते संमत केलं. 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना वन खातं देईना. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासह गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. कायदा संमत होणं आणि कायदा गावात पोचणं यांत चार-साडेचार वर्षं गेली.

मला सगळ्यात थक्क केलं ते मेंढ्याच्या कामाच्या पद्धतीने. इथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात विषयाचा सर्व बाजूंनी काथ्याकूट होतो, बाहेरच्या जाणकाराला बोलावतात, कायद्याचं कलम न् कलम वाचतात. पण तिथे निर्णय घेत नाहीत. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. एखाद्याचा विरोध असेल तर विषय थांबतो आणि पुन्हा अभ्यासाला जातो. संसदेत बहुमताने काम चालतं, ते इतक्या मोठ्या देशात अपरिहार्यही आहे. पण आधी नीट समजून घेणं आणि मग ठरवणं, या दोन कामांसाठी दोन वेगळ्या बैठका हव्यात, हे या गावाने स्वतःच्या अनुभवातून शोधून काढलं आहे. राज्यसभा असावी की नसावी या वादात मी कुणाच्या बाजूचा, हे मला मेंढ्यात पक्कं कळलं.

अर्थात दुसरी बैठक नुसती झाली म्हणून भागत नाही. 2023 मध्ये वनसंवर्धन कायद्यातल्या दुरुस्तीचं विधेयक असंच संयुक्त समितीकडे गेलं. नक्षलग्रस्त जिल्ह्यांत पाच हेक्टरांपर्यंतच्या वनजमिनीवर काही सार्वजनिक कामांना केंद्राच्या पूर्वपरवानगीतून सूट द्यायची, हे त्यात होतं, म्हणजे प्रश्न थेट गडचिरोलीचा. समितीने एकही शब्द न बदलता विधेयक परत केलं. विरोधी सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या. 26 जुलैला लोकसभेत, 2 ऑगस्टला राज्यसभेत ते पार पडलं. 2006 ची समिती आणि ही समिती, दोन्हींची रचना सारखीच होती.

समित्यांविषयीचं हे बोलणं मेंढ्यात एका ओसरीवर चाललं होतं. तेंदूपत्त्याच्या फडावरून आलेल्या दोन बायका पानांचे पुडे बांधत ऐकत होत्या. एक तरुण मुलगी वही घेऊन बसली होती.

“समितीपुढे आपल्याला म्हणणं मांडता येते का जी?” तिने विचारलं.

येतं, मी सांगितलं. समिती वर्तमानपत्रात जाहिरात देऊन लोकांकडून लेखी निवेदनं मागवते, आणि तिला वाटलं तर प्रत्यक्ष बोलावून ऐकून घेते.

“मराठीत लिवलं तर चालते?”

अशा जाहिरातींत निवेदन इंग्रजीत किंवा हिंदीत पाठवा असं म्हटलेलं असतं, हे मला सांगावं लागलं. ती थोडी थांबली, पुडे बांधणाऱ्या बाईशी गोंडीत काहीतरी बोलली आणि म्हणाली, छत्तीसगडला लागूनच आहो आपण, हिंदी लिहिणारे गावात आहेत. मग जाहिरात कोणत्या पेपरात येते, किती दिवसांची मुदत असते, निवेदनावर ग्रामसभेचा शिक्का चालतो का, असे तिचे प्रश्न सुरू झाले. पुढच्या अभ्यासगटासाठी विषय म्हणून ते तिने वहीत एकाखाली एक लिहून घेतले.